बंड्या जपानात शिकतोय

सोसायटीच्या गणपतीत आरतीचं ताट हल्ली आधी बंड्याच्या आईच्या हातात जातं. बंड्या जपानला असतो. (त्याचं खरं नाव वेगळं आहे. पण मीरा रोडच्या शांतीनगरात बंड्या म्हटलं की निदान चाळीस आयांना तो आपलाच वाटेल, म्हणून हेच बरं.) तिथे काय करतो असं विचारलं तर आई ‘टेक्निकल इंटर्न’ असं ठणकावून सांगते. पगार विचारला तर ‘एक लाख ऐंशी हजार’ म्हणते आणि ‘येन’ हा शब्द आवंढ्याबरोबर गिळते. एक येन म्हणजे साठ पैशांच्या आसपास. त्यातूनही खोलीचं भाडं, वीज, विमा असं सगळं हातात येण्याआधीच कापलेलं असतं. पण असले हिशेब आरतीच्या वेळी काढायचे नसतात.

बंड्याचा दिवस आपल्या मध्यरात्री दीडला उजाडतो, कारण तिथे तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असतात. सायकल कंपनीची, खोली कंपनीची, खोलीतले दोन व्हिएतनामी सोबतीही कंपनीचेच. कारखान्यात आधी कवायत, मग रांगेत उभं राहून आजच्या सूचना. त्यानंतर पांढरा पोशाख, टोपीवर टोपी, मास्क. मग प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीवर चिकट रोलर फिरवायचा. एक केस सापडला तरी दोघांच्याही माना खाली. हात धुवायचे ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मग पट्टा सुरू होतो. पट्ट्यावरून भाताचे डबे येतात आणि बंड्या प्रत्येक भाताच्या मधोमध एक खारवलेलं आंबट फळ ठेवतो. मधोमध म्हणजे मधोमध. फळ जरा डावीकडे कललं की लाइनप्रमुख पट्टा थांबवतो, फळ उचलतो, जागेवर ठेवतो आणि वर बंड्याचे आभार मानतो. या आभारांना बंड्या फार घाबरतो. पोरगं मेकॅनिकलचं डिप्लोमाधारक आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही तर मजुरी झाली. छे! १९९३ साली जपान सरकारने ही टेक्निकल इंटर्नची योजना काढली ती विकसनशील देशांना कौशल्य देण्यासाठी. पुढे त्यावर केलेल्या कायद्यात तर एक कलमच आहे की, मनुष्यबळाची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालण्यासाठी या प्रशिक्षणाचा वापर होता कामा नये. त्या कलमाला जागून जपानने २०२३ च्या अखेरीपर्यंत चार लाखांवर प्रशिक्षणार्थी गोळा केले. त्यात व्हिएतनामची पोरं सर्वांत जास्त. शेतात, बोटींवर, बांधकामांवर, शिलाई मशीनवर, जिथे जिथे जपानी तरुण फिरकत नाही, नेमकं तिथे तिथे परक्या देशांना द्यायचं कौशल्य सापडत गेलं. हा योगायोग तीस वर्षं टिकला.

आपणही ऑक्टोबर २०१७ मध्ये या योजनेच्या करारावर सही केली. म्हणजे नियमानुसार बंड्याने मुदत संपली की भाताच्या मधोमध फळ ठेवण्याची विद्या मीरा रोडला आणायची आणि देश पुढे न्यायचा. इथे एक छोटी अडचण आहे. त्याची आई पंचवीस वर्षं पहाटे उठून घरातले तीन डबे भरते, आणि विरार लोकलच्या रेटारेटीतही तिच्या डब्यातला आमटीचा थेंब भाताला लागत नाही. तिला अजून कुठल्या सरकारने टेक्निकल म्हटलेलं नाही.

या शिक्षणात आपल्या मर्जीने मालक बदलता येत नाही. ओव्हरटाइम बुडवला, अंगावर ओरडला, तरी बहुतेकांचा गुरू तोच. मग काही विद्यार्थी शाळा सोडून पळतात. एकट्या २०२३ मध्ये साडेनऊ हजारांहून जास्त प्रशिक्षणार्थी बेपत्ता झाले. एवढी मुलं अभ्यास टाकून पळाली तर आपल्याकडे निदान मुख्याध्यापकांना नोटीस तरी गेली असती.

बाकी बंड्याला तक्रार नाही. गाडी उशिरा आली तर रेल्वे तशी चिठ्ठी देते, ती साहेबाला दाखवायची. पश्चिम रेल्वेने हा प्रकार सुरू केला तर भाईंदरच्या मिठागरांच्या जागी कागद गिरण्याच काढाव्या लागतील. आपल्याकडे मीरा रोडचा माणूस सीटसाठी आधी उलटा भाईंदरला जातो, आणि तिथे गाडीत बसून पुन्हा मीरा रोडवरूनच चर्चगेटला निघतो. बंड्याने हे तिथल्या साहेबाला समजावून सांगितलं. साहेबाने वहीत आकृती काढली, खोडली आणि वही मिटली. कचऱ्याचंही तसंच. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी स्टिकर लावून तिथेच पडून राहते. आमच्याकडे एवढी कटकट नाही, सगळ्याच वारांचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो.

८ जुलै २०२५ ला मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला, तेव्हा बंड्या शिफ्ट संपवून मोबाइलवर तो बघत होता. व्हिएतनामी सोबत्याने विचारलं, तुझ्या गावात काय चाललंय? बंड्याने मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं, कारण दोघांत तेवढी एकच भाषा आहे. सोबत्याने विचारलं, मग दुकानदाराशी तू कुठल्या भाषेत बोलायचास? बंड्याला एकदम झोप आली.

शेजारचे काका मात्र म्हणतात, मुलाने धीर धरावा. आपल्याच महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागात नगरसेवक झालेच ना! झाले, पण ते भातावर फळ ठेवून झाले नाहीत, हे काकांना कोण सांगणार?

आणि जपानला हसण्यापूर्वी जरा आपल्या सरकारी कचेऱ्यांत डोकवा. २०२४ मध्ये आपण मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा. मुदत सहा महिने, मग ओरडा झाल्यावर अकरा. काम कारकुनाचं, हजेरी कारकुनाची, नाव मात्र प्रशिक्षणार्थी. मुदत संपल्यावर ही पोरं ‘आम्हाला कायम करा’ म्हणत रस्त्यावर उतरली. अहो, कायम कसलं? शिकून झालं ना तुमचं!

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं आहे की, पाच वर्षांत भारतातून पन्नास हजार कुशल माणसं जपानला जातील. तेव्हा ज्यांच्या घरी बॅग भरणं चालू आहे त्यांनी एजंटाच्या हातावर पैसे टेकवण्याआधी त्याची संस्था सरकारमान्य यादीत आहे का, ते बघा. आणि करारातला कपातीचा रकाना चष्मा लावून वाचा.

जपानी संसदेने जून २०२४ मध्ये ही प्रशिक्षण योजना मोडीत काढायचा कायदा केला. तिच्या जागी येणारी नवी पद्धत एप्रिल २०२७ पासून लागू होते. तिच्यात नाव बदललं आहे, माणसं हवी आहेत हे कबूल केलं आहे, आणि ठरावीक काळानंतर त्याच क्षेत्रात मालकही बदलता येणार आहे. बंड्याचा करार मार्चमध्ये संपतो.