बायकोची सावत्र बहीण

मी माझ्या बायकोची सावत्र बहीण आहे. एका परदेशी सरकारी खिडकीवर, माझ्याच अक्षरात आणि माझ्याच सहीनिशी, हे सिद्ध झालेलं आहे.

तसा मी बोरगाव मेघेचा. वर्ध्याला चिकटलेलं गाव. आजूबाजूला सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे. त्यामुळे पत्ता शोधत आलेला पाहुणा आधी सगळ्या मेघेंचं दर्शन घेतो आणि मग आमच्याकडे चहाला पोचतो. कंपनीनं दोन वर्षांसाठी मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जायला सांगितलं, तेव्हा थोरली सहा वर्षांची होती आणि धाकटा साडेतीनचा. आई म्हणाली, "काहून जातं रे बाप्पा इतक्या दूर? लेकरं लहानी हायेत." शेजारच्या काकांनी धीर दिला, "मेक्सिको म्हंजे अमेरिकाच नं? फक्त भिंतीच्या अलीकडची."

अशा वेळी आधाराला थोर पुरुष लागतो. मी खानखोज्यांना पुढे केलं. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म वर्ध्याचा. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या हातावर तुरी देत जपान, अमेरिका, इराण, जर्मनी असे फिरत 1920 च्या दशकात मेक्सिकोत पोचले. तिथं चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शेतकी शाळा काढल्या. 1936 मध्ये एका बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, आणि स्वातंत्र्यानंतर हे सगळं कुटुंब घेऊन ते नागपूरला आले. 1967 साली तिथंच वारले. "वर्ध्याच्या माणसाले मेक्सिको नवं नाही," असं मी निघेपर्यंत इतक्या वेळा म्हणालो की धाकट्याला खानखोजे आपले आजोबाच वाटू लागले.

भाषेचं विचाराल तर वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात स्पॅनिश शिकवतात. गाडीला किक मारली की पंधरा मिनिटांत तिथं. मी पंधरा वर्षांत गेलो नाही. "तिथं गेलं की येतेच," हे माझं भाषाशास्त्र.

पहिला फरक विमानतळावरच कळला. खानखोज्यांनी इंग्रजांच्या हातावर तुरी दिल्या; माझ्या तुरी कुत्र्यानं धरल्या. आईनं घरच्या तुरीचं दोन किलो बियाणं जुन्या साडीत गुंडाळून दिलं होतं, अंगणात लावायला. कुत्रं बॅगेपाशी येऊन शांतपणे बसलं. भुंकलं असतं तर निदान भांडता आलं असतं. तुरी गेल्या, जवसाची चटणी वाचली. गोरसपाकाच्या बिस्किटांचा डबा उघडून अधिकाऱ्यानं वास घेतला आणि बराच वेळ झाकण लावलं नाही, पण तोही परत मिळाला.

आता ती खिडकी.

तिथं प्रत्येक माणसाला आडनावं दोन: पहिलं बापाचं, दुसरं आईचं. लग्न झालं म्हणून बाई ती बदलत नाही. सख्ख्या भावंडांची दोन्ही आडनावं अर्थातच सारखी. आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. तीन शब्द दिसले की मेक्सिकोचा माणूस पहिल्याला नाव धरतो आणि उरलेल्या दोहोंना आडनावं. म्हणजे माझं पहिलं आडनाव झालं माझ्या वडलांचं नाव. बायकोचं पहिलं आडनाव झालं माझं नाव. आणि पोरांचंही माझंच. कागदावर माझी बायको आणि माझी दोन्ही पोरं ही तीन सख्खी भावंडं झाली. माझं फक्त दुसरं आडनाव त्यांच्याशी जुळत होतं, म्हणजे आई एक, बाप वेगळा. मी त्यांचा सावत्र.

सावत्र भाऊ असतो तरी चाललं असतं. पण त्या फॉर्मवर पुढे दोन चौकोन होते, एच आणि एम. मी शिकलेला माणूस. एम म्हणजे मेल, हे मला कोण सांगणार? उरला एच, तो 'हर'चा असावा असा मी तर्क लढवला. बायको म्हणाली, "विचारून घ्या ना एकदा." विचारायला तोंडात भाषा लागते. मी माझ्या आणि धाकट्याच्या रकान्यात एमवर खूण केली, बायको आणि थोरलीला एच दिला. एच म्हणजे 'ओम्ब्रे', पुरुष. एम म्हणजे 'मुहेर', बाई. तिथं प्रत्येकाला जो अठरा अक्षरी नोंदणी क्रमांक मिळतो, त्यातही हेच एच आणि एम बसतात.

खिडकीमागच्या बाईंनी माझ्या मिशीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा मिशीकडे. कागद जिंकला. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, आणि रांगेतल्या एका इंग्रजी येणाऱ्या पोरानं भाषांतर केलं: "तुम्हा चौघा भावंडांचे आईवडील कुठं आहेत?"

मी म्हणालो, "बोरगाव मेघेला." ते खरंच होतं.

जन्मस्थळ वाचताना त्यांनी मेघेचं 'मेहे' केलं. तक्रार कोण करणार? ते स्वतःच्या देशालाही मेहिको म्हणतात. दुरुस्ती कधी होईल विचारलं तर म्हणाल्या, "अहोरिता." शब्दकोशात याचा अर्थ आत्ता, या क्षणी. आपल्याकडे आंघोळीची बादली भरता भरता माणूस फोनवर सांगतो ना, "निघालोच, बजाज चौकात हाय"? तो अहोरिता. तीन चकरांनंतर मी पुरुष झालो. वडलांचं नाव मात्र आडनाव म्हणून चिकटलं ते चिकटलंच. ऑफिसात, बँकेत, गॅसवालासुद्धा मला बापाच्या नावानं हाक मारतो. घरी आम्ही दादांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. इथं ते पिझ्झाच्या खोक्यावर येतं.

दुकानात वेगळीच फजिती. गल्ल्यावरच्या मुलीनं काहीतरी विचारलं, त्यातला एकच शब्द कळला: "पगार?" मला वाटलं, अनोळखी माणसाला पगार विचारायची रीत इथंही आहे, चला, घरच्यासारखं झालं. मी सांगितला. थोडा वाढवूनच सांगितला. मागे पाच माणसं उभी होती. तिथं पगार म्हणजे पैसे भरणं. आपला पगार हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि स्पॅनिश ही त्यांची सख्खी शेजारीण. शेकडो वर्षांपूर्वी आलेला शब्द, तोही उलट बाजूनं वापरायचा! आपल्याकडे पगार येतो, इथं जातो.

सगळ्यात जास्त भोगलं ते धाकट्यानं. बालवाडीत सोडून आम्ही वळलो की तो "बाबा, बाबा" करून रडायचा. बाई धावत यायच्या आणि टिश्यूनं त्याचं तोंड पुसायच्या. आठ दिवस हेच. त्या भाषेत 'बाबा' म्हणजे लाळ. बिचाऱ्या विचार करत असतील, हे पोर कोरडं असताना का ओरडतं. मग मी शिकवलं, "बाबा नको, पप्पा म्हण." त्या दिवशी त्याला डब्याव्यतिरिक्त एक उकडलेला बटाटा मिळाला. 'पापा'मधल्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर बटाटा, शेवटच्या अक्षरावर दिला तर बाप. आपण मराठी माणसं पहिल्याच अक्षरावर सगळा जोर संपवतो. आता राहिली आई. तो "आई!" म्हणून किंचाळला की बाई वळून मागे बघायच्या, कारण 'आई' म्हणजे 'तिथं'. "आई!" तिथं? कुठं तिथं? "आई!" दोघं मिळून भिंत बघत बसायची.

बायको एका संध्याकाळी म्हणाली, "म्हणजे मी तिथं, आणि तुम्ही लाळ नाहीतर बटाटा." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोरांनी चार महिन्यांत भाषा पचवली. चिंच-तिखटाच्या गोळ्या आणि मक्याच्या पोळ्याही पचवल्या. तो मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, हे ऐकून मला चुना-तंबाखूच्या खर्ऱ्याची इतकी आठवण आली की काय सांगू. मी अजून गल्ल्यावर बोटानं दाखवतो. थोरली माझ्या वतीनं बोलते आणि मग माझ्याकडे अशी बघते की मी तिच्या वर्गातला ढ मुलगा.

एका रविवारी बस बदलत बदलत चापिंगोला गेलो. तिथल्या विद्यापीठात 2022 साली खानखोज्यांचा पुतळा बसवला आहे. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्याचं अनावरण केलं होतं. रस्ता विचारायचा होता, म्हणून मी तीन वाक्यं पाठ करून आलो होतो. पहिल्याच वाक्याला पहारेकरी म्हणाला, "मांदे?" तिकडे न कळलं की अदबीनं असं विचारतात. माझ्या सासूबाईंचं नाव मंदा. मी दचकून मागे पाहिलं.

थोरली पुढे झाली. पुतळ्यापर्यंत पहारेकरी स्वतः आला. ती त्याला बरंच काही सांगत होती. मला 'वर्धा' आणि 'माईस' म्हणजे मका एवढं कळलं. हे आजोबा आमच्या गावचे, असं काहीतरी असावं. धाकट्यानं पुतळ्याला नमस्कार केला. मग पहारेकऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवून काही विचारलं.

धाकटाच बोलला. जोर बरोब्बर शेवटच्या अक्षरावर होता.