ब्रेक हाजिर हो!

आपल्याकडे अपघात झाला की पंचनाम्याआधीच निकाल लागतो. गाडी दुभाजकावर चढलेली असते, चालक बाजूला घाम पुसत उभा असतो आणि गर्दीतला एक जण, ज्यानं ती गाडी जन्मात पहिल्यांदा पाहिलेली असते, तो जाहीर करतो, "ब्रेक फेल झाले!" सगळे माना डोलावतात. चालकाची झोप, कानाला लावलेला मोबाइल, आदल्या रात्रीची पार्टी, सगळे निर्दोष सुटतात. ब्रेकला वकील नाही, पक्ष नाही, समाजाचा मोर्चाही त्याच्यासाठी निघत नाही.

कधीमधी त्याची बाजू तपासली जाते. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकनं कित्येक गाड्यांचा चुराडा केला, तेव्हाही पहिलं नाव ब्रेकचंच आलं. तपासात निघालं की चालकानं उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टची बस गर्दीत घुसली, माणसं गेली. चालक म्हणाला ब्रेक फेल; आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू निघाले.

"ट्रक-बसचं सोडा हो, आपली घरची गाडी आहे," असं आमच्या परभणीतले, एमएच २२ चे मालक म्हणतील. तर घरच्याच गाडीचं बोलू. ती दारात येते तेव्हा चार चाकांखाली चार लिंबं फुटतात. मग सीट कव्हर, आरशाला लटकन, मागच्या काचेवर पोरांची नावं आणि वसमत रोडवर वाजवला तर जिंतूर रोडवरचा माणूस बाजूला होईल असा हॉर्न. एवढं झाल्यावर गॅरेजवाला म्हणतो, "भाऊ, ब्रेक ऑइल पार काळं पडलंय, बदलून टाकू." भाऊ विचारतात, "सध्या लागायलेत ना ब्रेक? मग राहू द्या. सोयाबीनचे पैसे आले की बघू." सोयाबीनचे पैसे येतात. त्यात मोठे स्पीकर बसतात.

तोवर ब्रेक ऑइल गुपचूप हवेतली ओल पीत असतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यालेलं १५५ च्या आसपासच उकळतं. परभणीच्या सपाट रानात हे कळत नाही. कळतं ते मे महिन्यात, सात सीटच्या गाडीत दहा माणसं आणि टपावर बॅगा घालून महाबळेश्वर केल्यावर. पसरणी घाट उतरताना गिअर वरचाच, पाय मात्र माथ्यापासून पेडलवर. पॅड तापतात, ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. ऑइल दाबलं तर चाकापर्यंत जोर पोचतो. वाफ नुसतीच दबते. पेडल थेट तळाला जातं. काही हुशार मंडळी ॲव्हरेज वाढावं म्हणून उतारावर चावीच बंद करतात. मग ब्रेकला जोर देणारा बूस्टरही दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. वाचलेलं डिझेल चहाच्या एका कपाचं.

त्या क्षणी गाडीत सल्लागार मंडळ बसतं. मामा ओरडतात, "चावी काढ!" चावी काढली की स्टिअरिंगही लॉक व्हायचं, ते मामांना कोण सांगणार? आत्या म्हणतात, "हँडब्रेक ओढ, खस्सकन!" आजी रामरक्षा सुरू करतात, निदान त्यांचा उपाय गाडी फिरवत तरी नाही. पेडल भराभर दाबत राहायचं, गिअर एकेक खाली आणायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा, हे ठाऊक असलेला भाचा सगळ्यात मागे बॅगांत दबलेला असतो आणि लहान म्हणून त्याला बोलू देत नाहीत.

पुढं सगळे पाहुण्यांना सांगतात, "अचानक झालं हो!" ब्रेक सहा महिने सांगत होता. पॅड कर्रकर्र वाजले, तेव्हा गाण्याचा आवाज वाढवला. लाल दिवा लागला, तो मोबाइल स्टँडच्या आड गेला. पेडल खोल जायला लागलं, तर सीट पुढं सरकवून घेतली.

सरकारही काही कमी नाही. घरच्या गाडीचा धूर पीयूसीसाठी दरवर्षी तपासतात. ब्रेककडे आरटीओ बघतं ते नोंदणीला १५ वर्षं झाल्यावर. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण छातीठोक म्हणतो. त्या जर्मनीत नवी गाडी तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, ब्रेकसकट. पूर्वी आपल्याला तपासणीची गरजही नव्हती. खड्ड्यांनी वीसच्या वर वेग जाऊच दिला नाही. ब्रेकचं काम बांधकाम खात्यानं अंगावर घेतलं होतं. आता जागोजागी सिमेंटचे रस्ते झाले, काटा शंभरावर गेला, ऑइल मात्र खड्ड्यांच्या काळातलंच.

म्हणून गाडी बनवणाऱ्यांना एक विनंती. दिवे, शिट्या, सूचना आमच्यावर वाया घालवू नका. ब्रेक ऑइल जुनं झालं की हॉर्न बंद पडेल, एवढी एक वायर जोडा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गंगाखेड रोडवरच्या प्रत्येक गॅरेजपुढं रांग लागलेली दिसेल आणि त्या रांगेतही पुढच्याला हटवता येत नाही म्हणून भांडणं होतील.