ग्रेड वनचं काय एवढं!

सकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही मराठी घरात कान द्या. 'झोप लागली का?' हा प्रश्न नंतर येतो, आधी 'साफ झालं का?' पाहुण्याच्या पगाराची चौकशी आपण आडवळणाने करतो, पोटाची मात्र थेट. बागेत फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांचं अर्धं संमेलन गॅसेसवर चालतं. एकाला वांगं चालत नाही, दुसऱ्याला हरभऱ्याची डाळ. तिसऱ्याला सगळं चालतं, पण त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना चालत नाही. इसबगोल दुधातून की कोमट पाण्यातून, यावर तर दोन घराणी आहेत, आणि वाद रंगेपर्यंत पेल्यात खळ तयार झालेली असते.

या गजरात यकृताचं नाव कुणी घेत नाही. ते बिचारं गुरगुरत नाही, चारचौघांत लाज आणत नाही. उजव्या बरगड्यांखाली दीडेक किलोचा ऐवज मुकाट बसलेला असतो. त्याची आठवण होते ती 'होल बॉडी चेकअप'ला. पोटावर गारेगार जेल, 'श्वास घ्या... धरून ठेवा...' आणि संध्याकाळी रिपोर्ट : लिव्हर ब्राइट, ग्रेड वन फॅटी. आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपल्यातल्या कशाला तरी ब्राइट म्हटलेलं असतं, त्यामुळे माणूस खूशच होतो. "ग्रेड वनचं काय एवढं, सोसायटीत सगळ्यांनाच आहे," म्हणत रिपोर्ट कपाटात जातो आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी बाहेर येते. पोटाचा खटला वेगळा, लिव्हरचा वेगळा.

शरीराच्या दफ्तरी मात्र दोन्ही एकाच फायलीत आहेत. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे 75 टक्के रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं, म्हणजे मुख्यतः आतड्यांकडूनच. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तसंच हे ठाणं. आतड्यात उतरलेला बराचसा माल गावभर फिरण्याआधी इथे तपासला जातो. मुंबईची जकात 2017 साली जीएसटीने संपवली, हा नाका अजून चोवीस तास चालू आहे. तिथे कुप्फर पेशी नावाचे शिपाई पहाऱ्यावर असतात. आतड्याचं अस्तर धड असेल तर त्यांना फारसं काम पडत नाही. पण अस्तरातल्या पेशींचे सांधे ढिले पडले आणि जंतूंचा समतोल बिघडला, की जंतूंच्या कवचाचे विषारी तुकडे नाक्यावर येऊन थडकतात आणि शिपाई लाठ्या उगारतात. गोदामात चरबी साठलेली असेल, तर या धुमश्चक्रीत यकृताला सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली, तर मऊ यकृत हळूहळू निबर होत जातं.

अमेरिकेत हे रुग्णांच्या जिवावर कळलं. 1960-70च्या दशकांत लठ्ठपणावर उपाय म्हणून लहान आतड्याचा मोठा भाग बाजूला टाकायची शस्त्रक्रिया होत असे. वजन झपाट्याने उतरायचं, पण काहींचं यकृत चरबीने भरून निकामी होऊ लागलं. बाजूला टाकलेल्या आतड्यात जंतूंनी वसाहत थाटली होती. मेट्रोनिडाझोल, म्हणजे आपल्याकडे जुलाबावर सर्रास देतात ते औषध, दिल्यावर काही रुग्णांच्या यकृताची तब्येत सुधारली. अखेर ती शस्त्रक्रियाच मोडीत निघाली. (हे वाचून कुणी मेडिकलकडे धावू नये.)

सगळ्यात मोठी पंचाईत माळकऱ्याची. जन्मात थेंब न घेतलेल्या गृहस्थाला फॅटी लिव्हर निघालं, की घरचे त्याच्याकडे संशयाने बघतात. चिनी संशोधकांनी 2019 साली एक गंमत दाखवली : क्लेब्सिएला जातीचे काही जंतू पोटातल्या साखरेपासून भरपूर अल्कोहोल बनवतात. यकृतात चरबी असलेल्या ज्या रुग्णांना त्यांनी तपासलं, त्यांतल्या सुमारे 60 टक्के जणांत असे जंतू होते. म्हणजे गळ्यात माळ आणि आतड्यात हातभट्टी! तरी सगळं जंतूंवर ढकलता येणार नाही. सुटलेलं पोट, मधुमेह आणि गोडधोड हे जुने आरोपी अजून मोकळे सुटलेले नाहीत. 2023 साली तज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून 'अल्कोहोल नसलेला' हा भाग काढून चयापचयाचा बिघाड घातला, तो त्यांच्यामुळेच.

शिवाय भांडण एकतर्फी नाही. यकृत आतड्यात पित्त सोडतं, पित्त जंतूंना धाकात ठेवतं. यकृत बिघडलं की पित्ताची घडी विस्कटते आणि जंतू शेफारतात. त्यामुळे 'आधी पोट बिघडलं की आधी लिव्हर?' हा प्रश्न डॉक्टरांना जरा जपून विचारावा.

उपाय तेवढा कंटाळवाणा आहे. दुकानातली 'लिव्हर डिटॉक्स'ची पावडर तुमचा खिसा तेवढा स्वच्छ करते. 80 किलोच्या माणसाने साडेपाच ते आठ किलो उतरवले, तर यकृताची चरबीच नव्हे, सूजसुद्धा बऱ्याचदा ओसरते. जेवणात भाकरी, उसळ, पालेभाजी असली की आतड्यातले भले जंतूही खूश. एक खूशखबर आहे : नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृत निबर होण्याचं प्रमाण कमी आढळतं. साखर न घालता प्या म्हणजे झालं. चहाबाजांनी यावर माझ्याशी भांडू नये, मीही त्यांच्यातलाच आहे.