शिकारीचा श्रीगणेशा

आमचे एक स्नेही. मूळ सदाशिव पेठ, हल्ली मुक्काम विस्कॉन्सिन. आजवर घरात झुरळ निघालं की हे गृहस्थ खुर्चीवर चढत. पंचेचाळिशी गाठली आणि त्यांना हरणाच्या शिकारीची हुक्की आली.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असल्या हौसेला कुलूप लावलं. विस्कॉन्सिनात 1 जानेवारी 1973 पासून पुढे जन्मलेल्यांना परवान्याआधी साधारणपणे शिकारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. क्लास आणि परीक्षा म्हटल्यावर स्नेह्यांचा निम्मा संकोच गळाला. शेजारच्या बाकावर शाळकरी पोरं होती. पहिला नंबर कोणाचा, हे विचारायचं नाही.

मग खरेदी. बंदुकीच्या मोसमात कमरेवरचा निदान निम्मा पोशाख झगझगीत केशरी हवा, गुलाबीही चालतो. हरणाला केशरी रंग नीट ओळखू येत नाही. तो दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावा, एवढीच अपेक्षा. हरणाचं नाक मात्र तिखट, म्हणून बिनवासाचा साबण आणला. त्याने सचैल स्नान करून साहेब मचाणावर बसले. डब्यात पोळी आणि लसणाची चटणी.

हा मोसम नऊ दिवसांचा, नोव्हेंबरच्या कडाक्यातला. दोन दिवसांत खोकला झाला. तिसऱ्या दिवशी हरीण दिसलं खरं, पण वहिनींना; मागच्या अंगणात, कुंपणाची झुडपं निवांत खाताना. वहिनींनी फोटो काढून मचाणावर पाठवला.