कानची वारी

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या चिदानंद नाईक यांच्या १६ मिनिटांच्या लघुपटाला २०२४ साली कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ विभागात पहिले पारितोषिक मिळाले. चित्रीकरण अवघ्या ४ दिवसांचे. बास! तेव्हापासून कॉलेजांच्या कँटीनमधून कानच्या दिंड्या निघताहेत.

पटकथा ठरलेली: एकटे आजोबा, रिकामा झोपाळा, परदेशातला मुलगा. आजोबा कुणाच्या तरी घरचेच, म्हणून फुकट. दुसऱ्या टेकला ते पेल्यातला चहा संपवून टाकतात आणि कंटिन्युइटी म्हणजे काय, ते पुस्तकाविना कळते. साउंडवाला (या पोराला जेवायला कुणी बोलावत नाही) रूम टोनसाठी, म्हणजे खोलीची शांतता रेकॉर्ड करायला, अर्धे मिनिट सगळ्यांना गप्प बसवतो. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकूंचा कुकर शिट्टी मारतो. दिग्दर्शक पुढे याला ‘ध्वनीचा प्रतीकात्मक वापर’ म्हणणार.

खरी तोंडी परीक्षा सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे. गच्ची हवी? मग त्यांच्या नातवाला रोल द्या. नातू कॅमेऱ्यात बघून हसतो.

एडिटिंगला रडारड. सूर्योदयाचा लांबलचक शॉट दिग्दर्शक कापू देत नाही, कारण त्यासाठी सगळी गँग पहाटे सिंहगडावर कुडकुडली होती. प्रेक्षकाला तुमच्या कुडकुडण्याशी काय देणेघेणे, असे एडिटर विचारतो. एडिटर बदलला जातो.

श्रेयनामावलीत आजोबांचे नाव चुकते. सेक्रेटरी मात्र बिनचूक, ‘सहनिर्माते’ म्हणून.