पऱ्हाटीतून सुटलेला माणूस

आमच्या राळेगाव तालुक्यात ज्याच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, आहे, त्या घरचा शिकलेला मुलगा हा वेगळाच प्राणी असतो. तो धुऱ्यापर्यंत जातो, मोटारसायकल बाभळीखाली लावतो, बायांना पाण्याची कॅन देतो, मोबाईलला रेंज आहे का ते बघतो आणि परत येतो. पोट्टा शेतात जाऊन आला, असं घरचे समजतात. हे काम मी कित्येक वर्षं निष्ठेनं केलं. आई पहाटेच मुकादमीणबाईच्या दारात उभी राहून बाया पक्क्या करायची, बाबा डवरणी-फवारणीच्या हिशेबात बुडालेले असायचे आणि मी आधी यवतमाळला इंजिनिअरिंग, मग पुण्यात एमपीएससी, अशा सबळ कारणांनी पऱ्हाटीपासून लांब असायचो. आयुष्यात काय करायचं हे ठरलं नव्हतं. काय करायचं नाही, ते मात्र पक्कं होतं. कापसात जायचं नाही.

या निश्चयाला थेट दोन देशांच्या सरकारांनी हातभार लावला. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. त्यात मसूर, वाइन, मेंढीचं मांस यांची सोय करता करता कोणाला तरी आमचीही आठवण झाली आणि 18 ते 30 वयाच्या 1,000 भारतीयांना दरवर्षी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा द्यायचं ठरलं. वर्षभर तिथं हिंडायचं आणि खिसा रिकामा झाला की मिळेल ते काम करायचं. 1 ऑक्टोबर 2024 ला त्याची सोडत खुली झाली. नाव टाकायला 25 डॉलर. पहिल्या दोन आठवड्यांतच 40 हजारांच्या आसपास नावं पडली. एमपीएससीची गर्दीही अशीच, पण तिथं प्रश्नपत्रिका असते. इथं नव्हती, म्हणून मी लागलो.

अटींचा कागद बाबांनी चष्मा लावून वाचला. पदवी, किंवा निदान दोन वर्षं कॉलेज. कामापुरतं इंग्रजी. खात्यात परतीच्या तिकिटाशिवाय सुमारे 5,000 डॉलर.

"काम कायचं म्हणते?"

"हॉटेलात, शेतात, बांधकामावर. काहीही."

"म्हणजे तिकडं निंदायले बी.ई. लागते?"

लागते. शिवाय दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर पहिल्या वर्षी शहराबाहेर शेतीसारखं ठरावीक काम तीन महिने केल्याचा पुरावा लागतो. हे कलम मी बाबांना वाचून दाखवलं नाही. गावात तोवर 'पोट्टा ऑस्ट्रेलियाले लागला' ही बातमी पसरली होती आणि पेढेही वाटून झाले होते. कोणत्या पोस्टवर, असं कोणी विचारलं की आई सांगायची, "सुट्टीवर लागला." सरकारी नोकरी पाहिलेल्या लोकांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

मेलबर्नला उतरलो तो बायोडाट्यांचा गठ्ठा घेऊनच. होस्टेलमधली एक आयरिश मुलगी या धंद्यात मुरलेली होती. तिनं तो वाचला आणि पेन उघडलं. बी.ई. काढ, म्हणाली, भांडी घासायला इंजिनिअर आला की मालक घाबरतो. मग स्पर्धा परीक्षेची तयारी काढली, कारण ती वर्षं मी तुरुंगात होतो की काय असा तिला संशय आला. वक्तृत्व स्पर्धेतलं दुसरं बक्षीस गेलं, एनसीसी गेली. शेवटी नाव आणि फोन नंबर तेवढे राहिले. ज्या पदवीमुळे देशात शिरलो, तिच्याचमुळे काम मिळत नव्हतं.

एका कॅफेत चाचणीला बोलावणं आलं. कॉफी येते का, या प्रश्नाला मी 'येते' म्हणालो. आमच्याकडे पाहुणा आला की आई दुधात कॉफीची पुडी फोडते, ती मी अनेकदा पाहिली होती. त्यांनी माझ्या हातात स्टीलचा जग दिला आणि दूध फेसाळायला सांगितलं. वाफेची नळी दुधाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली धरायची असते, हे मला नंतर समजलं. मी ती वर धरली. दूध आधी किंचाळलं, मग उडालं. थोडं माझ्या चष्म्यावर, थोडं मालकिणीच्या, आणि उरलेलं एका आजोबांच्या वर्तमानपत्रावर. आजोबा भले होते, "नो वरीज" म्हणाले. मालकीणही गोड हसून म्हणाली, आम्ही कळवतो. मुलगी पाहून गेलेले पाहुणे 'कळवतो' म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ घरातल्या शेंबड्या पोरालाही समजतो. मला समजला नाही. मी दोन दिवस फोन उशाशी घेऊन झोपलो.

पुढे एका उपाहारगृहात मोरीची जागा मिळाली. मालक आपल्याकडचाच होता. ते कळल्यावर मला धीर आला आणि त्याला दर पाडायला कारण मिळालं. तेव्हा तिथला किमान दर तासाला 24 डॉलर 10 सेंट होता. कॅज्युअल, म्हणजे रजा-बिजा नसलेल्या कामगाराला त्यावर 25 टक्के जास्त, म्हणजे 30 डॉलर 13 सेंट. मालकानं हे सगळं ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आपल्या माणसांत कशाला कायदा?" मग 15 डॉलर, नगद.

तिथंच एकदा आईचा व्हिडिओ कॉल आला. हातमोज्यांतून पाणी गळत होतं, समोर करपलेल्या कढयांची चळत होती. आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, तिला भरून आलं.

"त्या कढईचा काठ राह्यला," ती म्हणाली. "अन् उजव्या हातानं घास ना, डावा कायले वापरतं? घरी तं पाण्याचा गिलास जागेवर लागे याले." मग तिनं फोन शेजारच्या काकूंकडे दिला. त्यांनाही तो काठ दिसला.

ते काम सोडलं आणि गावोगावच्या जाहिरातींना अर्ज करत सुटलो. द्राक्षं छाटणं, संत्री तोडणं, मेंढ्या हाकणं, कोळंबी सोलणं. सगळे म्हणाले, कळवतो. आता मला अर्थ कळू लागला होता. एकच फोन परत आला, तो उत्तर न्यू साउथ वेल्समधून, नॅराब्रायच्या बाजूनं. हंगामी कामगार पाहिजेत, बारा तासांची पाळी, अनुभवाची गरज नाही. काम कोणतं?

कॉटन जिन.

कापूस कधी पाहिलाय का, असं पलीकडच्या माणसानं विचारलं, तेव्हा मी बराच वेळ हसत राहिलो. त्याला वाटलं लाइन खराब आहे.

तो मुलूखच कापसाचा. नॅराब्रायजवळचं वी वॉ हे गाव स्वतःला कापसाची राजधानी म्हणवतं. 1961 मध्ये पॉल काल आणि फ्रँक हॅडली हे दोन कॅलिफोर्नियाचे शेतकरी तिथं आले आणि त्यांच्यामुळे तिथं आजची कापूसशेती उभी राहिली. म्हणजे तिथला कापूस आमच्या घरच्या लाकडी तिजोरीपेक्षाही लहान. पण थाट बघा. एक माणूस वातानुकूलित केबिनमध्ये बसून वेचणीचं यंत्र चालवतो आणि यंत्र मागून पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन टनांहून जड, गोल गठ्ठा रानात टाकून पुढं जातं. कमरेला ओटी बांधलेली एक बाई दिसत नाही. पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजा करायची म्हटलं, तर ती करायची कोणी हाही प्रश्नच.

पहिल्या दिवशी मुकादमानं, म्हणजे शिफ्ट सुपरवायझरनं, माझी ओळख करून दिली. हा भारतातून आलाय, याच्या घरी तीन पिढ्या कापूस आहे. सगळ्यांनी आदरानं पाहिलं. मी छाती पुढं काढली, श्वास घेतला आणि शिंकलो. पुन्हा शिंकलो. रुईची धूळ नाकात गेली आणि दुपारपर्यंत डोळे बोंडाएवढे सुजले. कापसावर वाढलेल्या घराण्याच्या वंशजाला कापसाची ॲलर्जी आहे, हा शोध लागायला दक्षिण गोलार्ध गाठावा लागला. धुऱ्याच्या पलीकडे कधी पाऊलच टाकलं नव्हतं, तर कळणार कसं?

त्यांनी मला दुहेरी मास्क दिला आणि फुटकळ कामावर टाकलं. गठ्ठा उघडताना पिवळ्या प्लॅस्टिकचे तुकडे फाटून कापसात जातात, ते हुडकून बाहेर काढायचे. एक चिंधी जरी गाठीत गेली तरी पुढं सूतगिरणी बोंबलते. बारा तास मी खाली वाकून पिवळं काही दिसतं का ते बघत होतो आणि कानात आईचा आवाज होता. वेचणीच्या वेळी ती बायांमागून हिंडत असायची: केस बांधा वं, सुतळी टाकू नोका, नख्या येऊ देऊ नोका. बाभळीखालून मला तो आवाज कटकटीचा वाटायचा.

माझी अब्रू बाबांनी वाचवली. सुपरवायझर मला अधूनमधून तज्ज्ञ समजून काहीतरी विचारायचा. तुमच्याकडे रोलर जिन असतात म्हणे, आमच्या करवतीच्या जिनपेक्षा तंतू कमी तुटतो का? मी गंभीर चेहरा करून 'विचार करून सांगतो' म्हणायचो आणि जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन लावायचो. एकदा रुईचा पुंजका खिशात घालून आणला. बाबा म्हणाले, दोन्ही अंगठ्यांत धर, हळू ओढ, अर्धं टाक, पुन्हा जुळवून ओढ. तीन-चार वेळा ओढल्यावर बोटांत रेशमी पट्टी राहिली, सगळे तंतू एका लांबीचे. बाबांनी मोबाईल डोळ्यांशी नेला.

"लांबी मोबाईलवर नाई समजत. पण कचरा नाई बापा याच्यात. अन् हे गाठ जाते कुठी?"

मी विचारून आलो. परदेशात जाते, काही भारतातही. ज्या करारानं 1,000 पोरं बाहेर काढली, त्यानंच तिथला 51,000 टनांपर्यंत कापूस दरवर्षी शुल्काशिवाय आपल्याकडे यायला मोकळा केला. एरवी परदेशी कापसावर तेव्हा 11 टक्के शुल्क होतं.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे आम्ही इथं हमीभावाची वाट पाहून राह्यलो, अन् तू तिकडून भाव पाडून राह्यला."

मी हिशेब मांडून त्यांची समजूत घालायला गेलो. आपल्याकडे वेचणीला किलोमागं दहा रुपये, बाई दिवसाला चाळीस किलो वेचते, म्हणजे चारशे रुपये. तीच बाई इकडच्या कॅज्युअल किमान दरानं आठ तास वेचेल तर रोज 13 हजारांच्या वर जाईल. क्विंटलला नुसती वेचणीच 32 हजार रुपयांच्या वर, आणि लांब धाग्याच्या कापसाचा 2024-25 चा हमीभाव 7,521. म्हणून तर त्यांनी यंत्र आणलं. बाबांची समजूत पटली की नाही माहीत नाही, पण ते आकडे मला तोंडपाठ झाले आणि तिथंच घात झाला.

जुलैत इकडं हंगाम सरत आला होता आणि घरी निंदणाची घाई होती. पाळीवर निघण्याआधी मी फोन केला, तर तिकडं बांधावर दुपारची भाकर चालली होती. आईनं फोन स्पीकरवर टाकला. मुकादमीणबाईनं विचारलं, "काय दादा, रोज किती पडते मंग?"

मी सांगत सुटलो. तासावर पैसे. ठरलेल्या तासांपुढं जादा दर. दर आठवड्याला छापील पगारपत्रक. मधल्या चहाच्या सुट्टीचेही पैसे.

"चहा पेल्याचे बी पैसे?"

"हो मावशी."

पलीकडं भाकर चावण्याचा आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला तो तापूनच. बायांनी रोज पन्नास रुपयांनी वाढवला होता आणि दुपारचा चहा कामाच्या वेळेत धरायला लावला होता. "बाभळीखाली बसून होता तोवर बरा होता," ती म्हणाली. "वाढलेला पैसा तुह्याच खात्यातून जाईन."

तर सध्या माझ्या मजुरीतून तीन वाटे जातात. पहिल्या डॉलरपासून 15 टक्के ऑस्ट्रेलियाचं सरकार घेतं. मालक माझ्या नावे निवृत्तिनिधी भरतो, पण देश सोडताना तो काढला की त्यातले 65 टक्के पुन्हा सरकारच कापतं. आणि बाईमागं रोजचे पन्नास रुपये आई. पहिल्या दोन वाट्यांचा जाब मी विचारू शकतो, त्यासाठी इथं कचेरी आहे. आईविरुद्ध दाद मागावी म्हणून मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाव तूच पाडला, मजुरी तूच वाढवली," ते म्हणाले. "आता सरकारले शिव्या कायच्या देऊ आम्ही?"

दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी लागणारी कागदपत्रं मी त्याच रात्री जुळवायला घेतली.