मत्स्यालय-दर्शनविधी : दुबई मॉलमधील टाकीसमोर मराठी कुटुंबाने कसे वागावे

दुबई मॉलमधील मत्स्यालय हा सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीचा विषय असला, तरी त्या ओळीच्या अलीकडे बुर्ज खलिफाच्या तिकिटावर छापलेली वेळ आणि पलीकडे संध्याकाळचा कारंज्यांचा खेळ असल्यामुळे कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो, आणि त्यातूनही प्रसाधनगृह शोधण्याचा वेळ वजा करावा लागतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. प्रस्तुत विवेचनात ‘कुटुंब’ या संज्ञेने आजी, आजोबा, एक दांपत्य, दोन मुले आणि चिवड्याची पिशवी एवढा समुच्चय अभिप्रेत आहे.

दर्शनाचे दोन प्रकार आहेत : विनामूल्य आणि सशुल्क. मॉलच्या तळमजल्यावर खरेदीला आलेल्या कोणालाही टाकीची दर्शनी बाजू फुकट पाहता येते, तर टाकीच्या पोटातून जाणाऱ्या 48 मीटर लांबीच्या बोगद्यात शिरण्यासाठी तिकीट काढावे लागते. ही माहिती कुटुंबाला टूर मॅनेजरकडून मिळण्याची वाट पाहू नये. ती आजींना त्याच्या आधीच मिळालेली असते, आणि त्यानंतरची चर्चा दिरहमला 20हून अधिक रुपये पडतात या एकाच मुद्द्याभोवती फिरते.

दर्शनी बाजूस लोक काच म्हणतात. वस्तुतः ते ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखे पारदर्शक परंतु वजनाने हलके असे प्लॅस्टिक आहे. 2008 साली मॉल उघडला तेव्हा सुमारे 33 मीटर रुंद, 8.3 मीटर उंच आणि 75 सेंटिमीटर जाड असलेल्या या तावदानाची जगातील सर्वांत मोठे म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. साधी काच एवढ्या जाडीची केली असती तर तिच्यातील लोहांशामुळे आतला समुद्र हिरवट दिसला असता. टाकीत 1 कोटी लिटर पाणी आहे हे कळताच आजोबा तावदानापासून दोन पावले मागे सरतात. त्यांना असे समजवावे की पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर ठरतो, साठ्याच्या लांबी-रुंदीवर नव्हे, त्यामुळे तावदानाच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला पडणारा सुमारे आठ-नऊ टनांचा भार टाकी याहून दुप्पट लांब असती तरी तेवढाच राहिला असता. फेब्रुवारी 2010मध्ये या टाकीला गळती लागून मॉलचा काही भाग रिकामा करावा लागला होता, हे मात्र त्यांना हॉटेलवर परतल्यावर सांगावे.

आजोबांनी 1951 साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाशी तुलना करावी, कारण ती ते करणारच. तुलना निष्फळ नाही. तेथे ओळीने मांडलेल्या टाक्यांपुढून माणूस सरकत जात असे. येथे माणूस जागच्या जागी उभा असतो आणि मासे त्याच्यापुढून सरकत जातात. गुडघेदुखी असलेल्या दर्शकाच्या दृष्टीने ही सुधारणाच मानावी लागेल.

मत्स्याहारी दर्शकाची अडचण वेगळी आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला पाकट दिसताच कालवण आठवते, शार्क दिसताच मुशीचा वास येतो, आणि कोपऱ्यात तोंड वासून स्थिर राहिलेला हेकरू दिसला की त्याचा किलोचा भाव आपोआप ओठांवर येतो. हे विचार मनात ठेवावेत अशी शिष्टाचाराची अपेक्षा असली, तरी हाच हेकरू ‘हमूर’ या नावाने दुबईच्या हॉटेलांत आवडीने खाल्ला जात असल्यामुळे यजमान देशाला या प्रकरणी बोट दाखवण्याचा अधिकार नाही.

टाकीतला ज्याला सगळे घाबरतात तो सँड टायगर शार्क निवांतपणे पाहण्यासारखा आहे. तोंड मिटले तरी त्याचे वेडेवाकडे दात बाहेर राहतात, त्यामुळे तो सदैव चिडलेला भासतो. प्रत्यक्षात हा संथ प्राणी आहे. शार्कला इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते. त्या उणिवेवर याने असा तोडगा काढला आहे की पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळतो, ती पोटात धरतो आणि मग पाण्याच्या मधोमध जवळजवळ न हलता तरंगतो. त्याचा गृहस्थाश्रम मात्र भीषण आहे : मादीच्या दोन गर्भाशयांपैकी प्रत्येकात सर्वांत आधी वाढलेले पिल्लू आपल्या भावंडांना तेथेच खाऊन टाकते, आणि म्हणून एका वेळी दोनच जन्माला येतात. मागच्या सीटवरून तासभर भांडत आलेल्या मुलांना ही माहिती द्यावी की नाही, याचा निर्णय आईने घ्यावा.

छायाचित्रणाविषयी थोडक्यात : फ्लॅश बंद ठेवावा. तो तावदानावरून परावर्तित होतो, त्यामुळे छायाचित्रात मासा न येता काकांच्या शर्टावर पांढरा गोळा येतो. शिवाय टाकीतल्या बहुतेक माशांना डोळे मिटण्यासाठी पापण्याच नसतात. तावदानावर टकटक करू नये. आत साफसफाई करणाऱ्या पाणबुड्याला हात दाखवण्यास हरकत नाही, तोही दाखवतो.

आता तिकिटाचा प्रश्न. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वळतो, त्यामुळे सपाट तावदानाशी नाक लावून पाहिल्यास मासा आहे त्याहून सुमारे एकतृतीयांश मोठा दिसतो, आणि जसजसे मागे जावे तसतसा हा लाभ घटतो. बोगद्याची कमान वक्र असल्यामुळे तेथे तोच मासा जवळ आलेला पण लहान झालेला भासतो. म्हणजे फुकट पाहणाऱ्याला मोठा मासा आणि पैसे मोजणाऱ्याला लहान, असा हा व्यवहार आहे, आणि तो आजींना समजावून सांगण्याची गरज पडत नाही. वरच्या मजल्यावर ऑस्ट्रेलियातून आणलेली अजस्र मगर आहे, पण मगर बहुतांश वेळ हालचाल करत नाही, एवढे सांगून पुढे जावे.

तरीही निर्णय एकतर्फी देता येत नाही. पाकटाचे डोळे पाठीवर आणि तोंड व कल्ल्यांच्या फटी पोटाकडे असतात, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला तो फडफडणाऱ्या चादरीहून अधिक काही वाटत नाही. बोगद्यात तो डोक्यावरून जाताना त्या पाच-पाच फटी उघडमीट करताना दिसतात आणि हा प्राणी श्वास घेतो आहे हे प्रथमच ध्यानात येते. तेव्हा संपूर्ण कुटुंबाची तिकिटे काढण्याचे कारण नाही, परंतु मुलांची आणि त्यांच्यासोबत एका मोठ्या माणसाची अवश्य काढावीत. उरलेल्यांनी तावदानाला नाक लावून उभे राहावे आणि चिवडा बसमध्ये उघडावा.